प्लॅन ३००चा, स्पीड ९४चा: नवा राउटर घेण्याआधी लाइन तपासा

"प्लॅन तीनशेचा आहे हो, पण स्पीड टेस्ट चौऱ्याण्णवच्या वर जातच नाही." घोडबंदर रोडच्या टॉवरांपासून नेरूळ-सानपाड्याच्या सिडको इमारतींपर्यंत ही तक्रार जवळजवळ याच शब्दांत ऐकू येते. कंपनीचा माणूस येतो, राउटर बंद-चालू करतो, एखाद वेळी आकडा वरही जातो आणि आठवडाभरात पुन्हा चौऱ्याण्णव. मग घरात ठरतं की राउटर जुना झालाय. नवा, महागातला राउटर येतो. आकडा तिथेच.

मी ठाणे आणि नवी मुंबईत घरांचं, छोट्या ऑफिसांचं आणि सोसायट्यांचं नेटवर्किंगचं काम करतो. लोकांचे पैसे असे भलत्याच ठिकाणी खर्च झालेले बघून मनापासून वाईट वाटतं. बऱ्याच घरांत दोष राउटरचा नसतोच. जिथे असतो, तिथे तो खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेल्या एका ओळीत सापडतो, आणि ती ओळ दुकानात कोणी वाचत नाही. राउटर निवडायचा असेल तर आधी लाइनच्या प्रत्येक तुकड्याचा वेग किती ठरलाय ते बघायला हवं. ते कसं बघायचं, तेवढंच इथे सांगतो.

हे ९४ येतात कुठून

इथरनेटची, म्हणजे लॅनची, वायर दोन उपकरणांना जोडली की ती दोघं आपसात एक वेग ठरवतात. घरगुती उपकरणांत तो १०, १०० किंवा १००० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) असतो. अलीकडे काही राउटरना २५००चा पोर्टही येतो. मधलं काही नसतं. तुमचा प्लॅन ३००चा आहे म्हणून ३००ची लिंक बनत नाही. १०००ची बनली तर तिच्यातून तीनशे आरामात जातात. १००ची बनली तर शंभरसुद्धा पुरते मिळत नाहीत.

पुरते का नाहीत, याचा हिशेब सरळ आहे. पूर्ण भरलेलं एक पॅकेट वायरवर १५३८ बाइटची जागा घेतं. त्यात पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, चूक तपासायचे आकडे आणि दोन पॅकेटांमधलं सक्तीचं अंतर, सगळं आलं. तुमच्या कामाचा डेटा त्यात जास्तीत जास्त १४६० बाइट. म्हणजे शंभरातले पंचाण्णवच्या जरासे आत. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणारं पीपीपीओई कनेक्शन असेल तर दर पॅकेटमागे आणखी ८ बाइट जातात. म्हणून आकडा ९३ ते ९५च्या मध्ये येऊन थांबतो. सकाळी मोजा, रात्री मोजा, तेवढाच. याच हिशेबाने १०००च्या लिंकवर साधारण ९४० मिळतात. गिगाबिटचा प्लॅन घेऊन ९४० दिसले तर तक्रार करू नका, तेवढेच यायचे असतात.

घोडबंदर रोड माजिवड्याला कितीही रुंद असला तरी गायमुखच्या घाटातून जेवढ्या गाड्या सुटतील तेवढ्याच पुढे जातात. लाइनचंही तसंच आहे. वाटेतला एक तुकडा १००चा असला की बाकी सगळं हजाराचं असून उपयोग नाही.

एक झटपट परीक्षा सांगतो, तिला हत्यार लागत नाही. स्पीड टेस्टमध्ये डाउनलोडबरोबर अपलोडही बघा. हल्लीच्या बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये दोन्ही सारखे असतात. डाउनलोड ९४ आणि अपलोडही ९४, दोन्ही एकाच रेषेत अडकले असतील तर वाटेत कुठेतरी १००ची लिंक आहे, हे जवळजवळ नक्की. पण डाउनलोड ९४ आणि अपलोड १८० आला, तर वाटेत १००ची लिंक असूच शकत नाही. ती असती तर अपलोडही अडकला असता. मग राउटरच्या पोर्टाचा विचार सोडा आणि खाली संध्याकाळच्या गर्दीबद्दल लिहिलंय ते वाचा.

आणि हो, डाउनलोड करताना दिसणारा "३५ एमबी प्रति सेकंद" हा आकडा बाइटमध्ये असतो. त्याला आठाने गुणा, २८० एमबीपीएस झाले. प्लॅन तीनशेचा असेल तर तुमची लाइन उत्तम चालली आहे.

लिंकचा वेग बघायचा कसा

स्पीड टेस्ट सगळ्या वाटेचा मिळून एकच आकडा देते. आपल्याला एकेका तुकड्याचा हवा आहे.

लॅपटॉप वायरने राउटरला जोडा. विंडोजमध्ये सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेट आणि त्यात इथरनेटवर जा. खाली "लिंक स्पीड" अशी ओळ दिसते, तिथे १००/१०० किंवा १०००/१००० लिहिलेलं असतं. मॅकमध्ये इथरनेटच्या डिटेल्समधल्या हार्डवेअर भागात तीच माहिती मिळते. हा झाला लॅपटॉप ते राउटर हा तुकडा.

राउटर ते फायबरचा बॉक्स हा दुसरा तुकडा. त्यासाठी राउटरच्या पानावर जावं लागतं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ टाका, नक्की पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. स्टेटस किंवा इंटरनेटच्या पानावर वॅन पोर्टाचा, म्हणजे बाहेरून इंटरनेट आत येतं त्या पोर्टाचा, वेग लिहिलेला असतो. काही स्वस्त मॉडेल तो दाखवतच नाहीत. तेव्हा पोर्टावरचा दिवा बघा. बऱ्याच उपकरणांत गिगाबिटला एक रंग आणि १००ला दुसरा असतो, पण कुठला कशाला हे मॉडेलप्रमाणे बदलतं, त्यामुळे माहितीपत्रक बघितल्याशिवाय रंगावरून निकाल लावू नका.

इथे एक सापळा आहे आणि त्यात तंत्रज्ञही अडकतात. ज्याने मोजता तेच १००चं असलं तर? हल्लीच्या पातळ लॅपटॉपना लॅनचा पोर्ट नसतो, म्हणून यूएसबीचा डोंगल लावतात, आणि स्वस्तातले बरेच डोंगल १००चेच असतात. कंपनीचा माणूस आपला लॅपटॉप त्याच डोंगलने फायबरच्या बॉक्सला जोडतो, ९४ दाखवतो आणि म्हणतो, "बघा साहेब, लाइनवर एवढंच येतंय, वरून बघावं लागेल." वरून काही बघायचं नसतं. त्याच्याच लॅपटॉपवर लिंक स्पीड उघडून दाखवायला सांगा. तिथे १०० असेल तर ती चाचणी बाद.

स्मार्ट टीव्हीचंही तेच. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट १००चाच असतो. वायर लावून टीव्हीवर स्पीड टेस्ट केली की ९४ दिसणारच. त्यात काळजीचं कारण नाही, कारण नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस पुरेसे मानतं.

फायबरच्या बॉक्सचे दोन पोर्ट सारखे नसतात

भिंतीवरचा जो बॉक्स बारीक पिवळी किंवा काळी-पांढरी फायबर घेतो, त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. आपल्याकडच्या घरांत लावलेल्या कितीतरी ओएनयूंना दोन लॅन पोर्ट असतात, आणि त्यांतला एकच गिगाबिट असतो. दुसरा १००चा. बाहेरून दोन्ही अगदी एकसारखे. कधी खाली बारीक "जीई" (गिगाबिट) आणि "एफई" (फास्ट इथरनेट, म्हणजे १००चा) छापलेलं असतं, कधी फक्त लॅन १ आणि लॅन २.

वाशीतल्या एका घरात काकूंनी मला बोलावलं ते राउटर कुठला घ्यावा हे विचारायला. मुलगा घरून काम करणारा, प्लॅन वाढवून घेतलेला, आणि आकडा ९४. राउटर त्यांच्याकडे होता तो चांगला होता, सगळे पोर्ट गिगाबिटचे. त्याच्या पानावर वॅनचा वेग मात्र १०० दाखवत होता. वायर ओएनयूच्या पोर्ट २मध्ये होती. पोर्ट १ मोकळा. वायर काढून पोर्ट १मध्ये घातली, इंटरनेट आलं नाही. इथेच बरेच जण वायर परत पोर्ट २ला लावून मोकळे होतात. ओएनयूमध्ये कुठल्या पोर्टातून इंटरनेट बाहेर काढायचं हे सेट केलेलं असतं, आणि त्या पोर्टाला व्हीलॅन (कंपनीच्या लाइनचा ठरलेला क्रमांक) बांधलेला असतो. ज्याने कनेक्शन लावलं त्याने पोर्ट २ला बांधला होता. काकूंनी कंपनीला फोन लावला, तिकडून पोर्ट १ला बांधून दिला, राउटर पुन्हा चालू केला, आणि वॅनसमोर १००० उमटले. स्पीड टेस्ट २९०च्या वर गेली. राउटरच्या खरेदीची गरज उरली नाही.

म्हणून राउटरच्या दुकानात जाण्याआधी ओएनयूच्या तळाचा फोटो काढा, मॉडेल शोधा, आणि कुठला पोर्ट कितीचा ते बघा. कंपनीने दिलेल्या बॉक्सचे सगळेच पोर्ट १००चे असतील तर तुमचा राउटर कितीही चांगला असो, काही फरक पडणार नाही. १००च्या वरचा प्लॅन विकलाय तर गिगाबिट पोर्टाचा ओएनयू देणं ही त्यांची जबाबदारी आहे, आणि ते हक्काने मागा.

भिंतीतली वायर आणि इंटरकॉम

नव्या टॉवरांमध्ये बिल्डर हॉलपासून बेडरूमपर्यंत लॅनची वायर भिंतीतून टाकून देतो. ही चांगली सोय आहे. पण ती वायर जोडणारा बहुतेक वेळा विजेचं काम करणारा असतो, नेटवर्कचं नव्हे.

लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. १००ची लिंक फक्त केशरी आणि हिरवी वापरते, म्हणजे पिन १, २, ३ आणि ६. निळी आणि तपकिरी मोकळ्या पडून असतात. गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात, एकही कमी चालत नाही.

कासारवडवलीच्या एका टॉवरमध्ये बेडरूममधल्या सॉकेटवर ९४ मिळत होते आणि हॉलमध्ये राउटरला थेट जोडलं की पूर्ण स्पीड. म्हणजे गुन्हेगार भिंतीत. सॉकेटची प्लेट उघडली. केशरी, हिरवी आणि तपकिरी जोडी लॅनच्या जॅकला व्यवस्थित दाबलेली, निळी जोडी मात्र बाजूला वळवून शेजारच्या इंटरकॉमच्या जॅकला नेलेली. बेडरूममध्ये इंटरकॉम हवा होता, वेगळी वायर टाकलेली नव्हती, म्हणून निळी जोडी वापरली. टेलिफोनच्या कामात निळी जोडीच पहिली धरतात, त्यामुळे त्या माणसाच्या सवयीने ते बरोबरच होतं. आणि प्लॅन पन्नास-शंभरचा होता तोवर कोणाला काही कळलंही नाही, कारण १००ला ती जोडी लागतच नव्हती. प्लॅन वाढवला त्या दिवशी दोष उघडा पडला. पुढे मला त्याच कॉम्प्लेक्समध्ये हीच जोडणी इतर फ्लॅटांतही सापडली. एकाच माणसाने सगळीकडे केली असणार.

जोडी कमी असली की सगळी उपकरणं सारखी वागत नाहीत. काही गिगाबिटचा प्रयत्न करून बघतात आणि निमूट १००वर येतात. काही हट्ट धरतात, मग दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो आणि लिंक येतच नाही. "जुना राउटर चालत होता, नवा त्याच वायरवर चालतच नाही" अशी तक्रार आली तर नव्या राउटरला सदोष ठरवून परत करायच्या आधी ती प्लेट उघडा.

तपासायला लॅन टेस्टर लागतो. साधा असतो, दोन टोकांना दोन डब्या, १ ते ८ दिवे ओळीने लागायला हवेत. एखादा वगळला गेला तर ती तार तुटलेली किंवा जोडलेली नाही. क्रम पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. एक मात्र ध्यानात ठेवा, टेस्टरवर आठ दिवे लागले म्हणजे वायर गिगाबिटला लायक आहेच असं नाही. तो फक्त तार जोडली आहे एवढं सांगतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या स्वस्त वायरी टेस्टरवर पास होतात आणि लांब अंतरावर गिगाबिटला दम सोडतात. वायर घेताना शुद्ध तांब्याची कॅट ५ई किंवा कॅट ६ मागा. घरातल्या अंतरांना कॅट ५ई गिगाबिटसाठी पुरते. कॅट ७, कॅट ८ विकणाऱ्याला नमस्कार करा.

इंटरकॉमवर उपाय दोन. पाइपमध्ये जागा असेल तर स्प्रिंग टाकून इंटरकॉमची वेगळी दोन तारांची वायर ओढा आणि निळी जोडी लॅनला परत द्या. जागा नसेल तर जुन्या वायरीच्या टोकाला दोन नव्या वायरी बांधून तिच्यासकट ओढून घ्या. भिंत फोडायचा विचारही नको, विशेषतः मायवान पद्धतीच्या इमारतीत. तिथे पाइप काँक्रीटमध्येच ओतलेला असतो आणि ती भिंत इमारतीचा भार उचलत असते.

दोन दिवस नीट, मग परत ९४

बंद-चालू केल्यावर स्पीड पूर्ण येतो आणि काही तासांनी, काही दिवसांनी पुन्हा ९४वर बसतो, हा या आजाराचा सगळ्यांत त्रासदायक प्रकार. तंत्रज्ञ आला की सगळं नीट, गेला की बिघडलं. कारण बहुधा काठावरचा जोड असतो. चारपैकी एक जोडी नीट टेकलेली नसते. बंद-चालू केल्यावर वेग नव्याने ठरतो आणि नशिबाने हजारावर ठरतो. मग सिग्नल जरा बिघडला, लिंक एकदा तुटली, की उपकरण १००वर उतरतं आणि पुढच्या बंद-चालूपर्यंत वर चढत नाही.

आपल्याकडे हे जुलै-ऑगस्टात उफाळतं. ठाण्याच्या आणि खाडीकाठच्या नवी मुंबईच्या दमट हवेत क्लिपच्या (वायरीच्या टोकाच्या प्लगच्या) आतल्या धातूच्या पट्ट्या काळवंडतात. गच्चीवरून खाली आलेल्या वायरीत पाणी उतरतं. पहिला उपाय पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्ही टोकांना क्लिप असलेली छोटी तयार वायर, बदलण्याचा, कारण तो सगळ्यांत स्वस्त आहे. दुसरा, दोन्ही टोकांची क्लिप कापून नवी मारण्याचा. क्लिपच्या मागे एखादा इंच वायर जास्तीची कापा, काळी पडलेली तार पुन्हा आत जाऊ देऊ नका. बाहेरून येणारी वायर खिडकीतून आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं आणि आत ओघळत नाही.

विजांचा पाऊस झाल्यानंतर कायमचं ९४ सुरू झालं असेल तर संशय पोर्टावर घ्या. गच्चीवरून तांब्याची वायर येत असेल तर झटक्याने पोर्टाची एखादी जोडी जळते आणि पोर्ट मेल्यासारखा न वागता १००वर चालत राहतो. नवी वायर, नवी क्लिप, तरी १००, आणि त्याच वायरीवर दुसरं उपकरण १००० दाखवतं, तर पोर्ट गेला. अशा वेळी मात्र राउटर खरंच बदलावा लागतो.

नौपाडा, चरई, कोपरी, जुनी वाशी अशा भागांत अजून एक पद्धत दिसते. फायबर फक्त इमारतीपर्यंत येते, डक्टमध्ये नाहीतर गच्चीवर ऑपरेटरचा स्विच असतो आणि तिथून प्रत्येक घरात लॅनची वायर. तो स्विच १००चा असेल तर तुमच्या घरात काहीही बदला, ९४ राहणार. कधी स्विच गिगाबिटचा असतो पण पोर्ट हाताने १०० फुल ड्युप्लेक्सवर (डेटा दोन्ही दिशांना एकदम) बांधलेला असतो. तुमचा राउटर आपोआप वेग ठरवायला बघतो, समोरून उत्तर येत नाही, तो १०० हाफ ड्युप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरून बसतो. मग एका दिशेला बरा स्पीड आणि दुसरीकडे अगदीच दयनीय, व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो. हे घरातून दुरुस्त होत नाही. ऑपरेटरला स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं: "पोर्ट ऑटोवर ठेवा."

वाय-फायचा आकडा वेगळा वाचायचा

वायरवर पूर्ण स्पीड आणि मोबाइलवर कमी, तर प्रश्न हवेतला. आकडा ४० ते ७०च्या मध्ये हेलकावतोय तर मोबाइल बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर आहे. टॉवरमध्ये प्रत्येक घरातून त्याच तीन चॅनलांवर, १, ६ आणि ११वर, गर्दी असते. खोक्यावरचे "३००" हे दुप्पट रुंद चॅनल धरून काढलेले असतात, आणि अशा गर्दीत तो रुंद चॅनल मिळतच नाही. उरतात १४४, आणि तोही कागदावरचा लिंकचा वेग. हातात त्याच्या निम्मे पडले तरी बरं.

५ गिगाहर्ट्झवर दोन अँटेनांचा मोबाइल ८६७ची लिंक धरतो आणि त्याच खोलीत पाचशे-साडेपाचशे देतो. स्वस्त मोबाइलना एकच अँटेना असते, त्यांची लिंक ४३३ची. राउटर कितीही भारी आणा, तो मोबाइल तीनशेच्या आसपासच थांबणार.

आणि भिंती. सिडकोच्या जुन्या इमारतींत विटांच्या भिंती आहेत, ५ गिगाहर्ट्झ एक भिंत ओलांडून बऱ्यापैकी पोचतो. मायवानच्या टॉवरमध्ये बेडरूमची भिंतसुद्धा सळयांच्या काँक्रीटची. तिथे हॉलमधला राउटर बेडरूममध्ये पोचत नाही, चार अँटेनांचा घ्या नाहीतर आठ. अशा घरात एका महागड्या राउटरपेक्षा दोन साधे बरे, दुसरा भिंतीतल्या वायरीने जोडलेला. मी प्रत्येकाला हेच सुचवतो. वायरीशिवाय चालणारे दोन बँडचे मेश संच (एकच वाय-फाय घरभर पसरवणारे दोन-तीन डबे) त्याच ५ गिगाहर्ट्झवरून एकमेकांशी बोलतात आणि त्याच्यावरूनच मोबाइलला देतात, त्यात साधारण अर्धा वेग जातो. मेश घ्याच, पण डब्यांचे पोर्ट गिगाबिटचे आहेत का ते बघून, आणि वायर जोडून.

मग राउटर कुठला

खोक्यावरचे एसी १२००, एएक्स १५००, एएक्स ३००० हे दोन बँडच्या कागदावरच्या वेगांची बेरीज असते. एसी १२०० म्हणजे ३०० अधिक ८६७. तुमचा मोबाइल एका वेळी एकाच बँडवर असतो, त्यामुळे ही बेरीज कुठल्याच उपकरणाला मिळत नाही. आणि एसी १२०० लिहिलेल्या कितीतरी राउटरांचे सगळे पोर्ट १००चे असतात: हवेत ८६७, दारात १००. ती बारीक ओळ इथेच वाचायची. "१०/१००" लिहिलं असेल किंवा "फास्ट इथरनेट" म्हटलं असेल तर ठेवून द्या. "१०/१००/१०००" किंवा "गिगाबिट" हवं, आणि वॅन व लॅन दोन्हींपुढे हवं. काहींचा फक्त वॅन गिगाबिटचा असतो.

प्लॅन ५० किंवा १००चा आहे आणि तोच ठेवायचाय, तर असलेला १००च्या पोर्टाचा राउटर बदलू नका. २०० ते ५००ला गिगाबिट पोर्टाचा एसी १२०० किंवा एएक्स १५०० भरपूर झाला. त्याच्या वरच्या प्लॅनला राउटरचा प्रोसेसरही मोजावा लागतो. पीपीपीओईचं काम तो हार्डवेअरमध्ये करत नसेल तर पोर्ट हजाराचा असून अधेमधेच थांबतो. घरी असं होत असेल तर आधी क्यूओएस (कुठल्या उपकरणाला आधी वेग द्यायचा ते ठरवणारी सोय) आणि पॅरेंटल कंट्रोल बंद करून मोजा. बऱ्याच मॉडेलांत ते चालू केलं की हार्डवेअरचा वेगवान रस्ता बंद होतो. २.५ गिगाबिटचा पोर्ट हजाराच्या वरच्या प्लॅनलाच लागतो, आणि तेव्हाही ओएनयूचा पोर्ट तेवढाच हवा.

कंपनीकडून राउटर घ्यायचा की स्वतःचा? स्वतःचा घ्यावा असं माझं मत, पण घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. ओएनयू ब्रिज मोडवर (म्हणजे राउटरचं काम न करता फक्त लाइन पुढे देईल असा) टाकून देणार का, आणि जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधलेला आहे का. बांधलेला असेल तर नवा लावल्यावर इंटरनेट येणार नाही, फोन करून सोडवून घ्यावा लागतो.

संध्याकाळी ९ वाजता पडणारा स्पीड

सकाळी २९० आणि रात्री ११०, कधी ७०, कधी १६०, तर पोर्टाचा संबंध नाही. १००चा पोर्ट आकडा हलू देत नाही. जीपॉन, म्हणजे एकच फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत, हिच्यातली फायबरची एक शाखा २४८८ एमबीपीएस खाली आणते आणि ती ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वापर केला तर वाट्याला ७८ येतात. सगळे एकदम ओढत नाहीत म्हणून एरवी चालतं, क्रिकेटच्या रात्री किंवा वर कुठे ऑपरेटरची लाइन अपुरी असेल तर जाणवतं. तेव्हा सलग काही दिवस, एकाच सर्व्हरवर, वायरने, सकाळी आणि रात्री मोजून वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवा. महिन्याच्या शेवटी-शेवटी स्पीड एकदम खाली जाऊन तिथेच बसत असेल तर डेटाची मर्यादा संपलीय का ते ॲपमध्ये बघा.

तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. त्यावर तुम्हाला राउटर बंद-चालू करायला सांगतात आणि तक्रार बंद होते. असं लिहा: "प्लॅन ३०० एमबीपीएस. गिगाबिट लॅपटॉप थेट ओएनयूला जोडला, लिंक १००० दाखवते, तरी डाउनलोड आणि अपलोड दोन्ही ९४. तुमच्या बाजूचा पोर्ट किंवा स्विच १००वर आहे का ते तपासा." लिंकच १०० दाखवत असेल तर: "तीच वायर, तोच लॅपटॉप माझ्या राउटरवर १००० दाखवतो, तुमच्या ओएनयूवर १००. गिगाबिट पोर्टाचा ओएनयू द्या." डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या. त्यावर समाधान झालं नाही तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१२च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीकडे अपिलाची दुसरी पायरी असते, तिथे तोच नंबर, तेच स्क्रीनशॉट जोडायचे. त्यासाठी शुल्क लागत नाही.